पेत्र गिन्झ : एका बालसंपादकाचे स्मरण



दरवर्षी स्मरणिकेचे काम निघाले की शाळेत एक दृश्य हमखास दिसते. वर्गशिक्षक वर्गावर येतात आणि सांगतात की लेख द्या, कविता द्या, ते जमत नसेल तर निदान चार कोडी तरी लिहून द्या. मुले माना खाली घालतात. मुदत संपते, पुन्हा वाढवली जाते, पुन्हा संपते. शेवटी संपादकाचे काम पाहणारे गुरुजीच रात्री बसून उरलेली पाने भरून काढतात आणि खाली एखादे टोपणनाव घालतात. हे गुपित आता उघड केले तर कोणी रागावू नये.

आज मी तुम्हांला अशाच एका संपादकाची हकीकत सांगणार आहे. त्यालाही लेखांसाठी मित्रांच्या विनवण्या कराव्या लागत. कोणी लिहिले नाही की तो स्वतःच ‘अकादमी’ ह्या टोपणनावाने पाने भरी. घरून खाऊचे पार्सल आले तर त्यातला वाटा देऊन तो मित्रांकडून लेख मिळवी. फरक एवढाच, की हा संपादक चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा होता, त्याचे साप्ताहिक एका बंदिवासात निघत होते, आणि तिथे पोटाला पुरेल इतके अन्न कोणालाच मिळत नव्हते. त्याचे नाव पेत्र गिन्झ. १९४४ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याला आउश्वित्झच्या छावणीत विषारी वायूने मारण्यात आले. त्याचा गुन्हा एवढाच, की तो ज्यू होता.

घर आणि शाळा

पेत्रचा जन्म १ फेब्रुवारी १९२८ रोजी प्राग शहरी झाला. प्राग ही त्या वेळी चेकोस्लोव्हाकिया देशाची राजधानी होती, आज ती चेक प्रजासत्ताकाची राजधानी आहे. वडील ओट्टो गिन्झ कापडाच्या व्यापारातील एका कंपनीत नोकरीला होते. ते धर्माने ज्यू, तर आई मारी ख्रिस्ती घराण्यातील. सर्व जगातील माणसांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून ‘एस्परांतो’ नावाची एक भाषा मुद्दाम तयार करण्यात आली होती. पेत्रच्या आईवडिलांची ओळख ह्या भाषेच्या चळवळीतूनच झाली. मुलेही घरी ती भाषा शिकली. पेत्रला एक धाकटी बहीण होती, तिचे नाव एवा.

पेत्र लहानपणापासून वाचनवेडा होता. ज्यूल व्हेर्नच्या साहसकथा त्याला फार आवडत. आठव्या वर्षापासून तो स्वतःच लहान लहान कादंबऱ्या लिहू लागला. त्यांना चित्रेही तोच काढी आणि पानांची बांधणीही तोच करी. तुमच्यापैकी कितीतरी जण जुन्या वह्यांची कोरी पाने फाडून, दोऱ्याने शिवून, त्यांची नवी वही करतात. पेत्रनेही आपल्या रोजनिशीच्या वह्या अशाच रद्दी कागदांतून केल्या होत्या.

आता थोडा इतिहास. जानेवारी १९३३ मध्ये जर्मनीत हिटलरच्या हाती सत्ता आली. देशावर जे संकट आले ते ज्यूंमुळेच आले, असे त्याने लोकांच्या मनावर बिंबवले. १९३५ मध्ये न्युरेंबर्ग येथे कायदे करून ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेण्यात आले. १५ मार्च १९३९ रोजी जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या आणि तेच कायदे पेत्रच्या घरापर्यंत येऊन पोहोचले. ज्यूंना बागेत जाण्यास मनाई झाली, सिनेमागृहात मनाई झाली. घरातले रेडिओ जमा करून घेण्यात आले. रात्री आठनंतर घराबाहेर पडायचे नाही असा हुकूम निघाला. मुलांना नेहमीच्या शाळांतून काढण्यात आले आणि ज्यू मुलांसाठी उरलेल्या वेगळ्या शाळेत पेत्र जाऊ लागला.

मित्रांनो, हे सर्व एका दिवसात घडले नाही, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. प्रथम निंदा झाली, मग कायदे झाले, मग शाळेचे दार बंद झाले आणि सर्वांत शेवटी आगगाडी आली. प्रत्येक पायरीवर शेजारीपाजारी होते. त्यांतील पुष्कळांनी आपल्याला काय करायचे आहे असे म्हणून खिडकी लावून घेतली.

साधी रोजनिशी

ज्यू मुलीची रोजनिशी म्हटले की बहुतेकांना ॲन फ्रँक आठवते. हॉलंडमध्ये पुस्तकांच्या कपाटामागे दडवलेल्या जागेत दोन वर्षे लपून राहिलेल्या ह्या मुलीची डायरी मराठीतही आलेली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांनी जरूर वाचावी. ॲन आपल्या मनातले सारे कागदापाशी बोलते. पेत्रची वही अगदी निराळी आहे. सप्टेंबर १९४१ ते ऑगस्ट १९४२ ह्या काळातील त्याच्या नोंदी एकदोन ओळींच्या आहेत. सकाळी कुठे गेलो, दुपारी कोणाकडे गेलो, शाळेत काय झाले, हवा कशी होती. एखाद्या व्यापाऱ्याच्या रोजकीर्दीसारखी ही वही आहे.

परंतु ह्या कोरडेपणातच तिचे बळ आहे. सप्टेंबर १९४१ मध्ये ज्यूंनी कपड्यावर, छातीच्या डाव्या बाजूला, सहा टोकांचा पिवळा तारा शिवलाच पाहिजे असा हुकूम निघाला. त्या दिवशी पेत्रने काय केले? शाळेत जाताना वाटेत असे तारे लावलेली किती माणसे दिसतात ते त्याने मोजले. एकोणसत्तर भरली. त्याने ती संख्या वहीत लिहून टाकली आणि वर थोडी थट्टाही केली. अपमानाच्या दिवशी रडत न बसता मोजदाद करणारा तेरा वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढे आणा. इतिहासाचा अभ्यास म्हणजे दुसरे काय असते? जे दिसले ते खरे, नेमके आणि तारखेसह लिहून ठेवणे.

पुढे पुढे ह्या वहीत एक गोष्ट वारंवार येऊ लागते. आज वर्गातला अमका गेला, आज नात्यातले तमके गेले. गेले म्हणजे त्यांना सरकारी चिठ्ठी आली, ठराविक वजनाचे सामान घेऊन ती माणसे ठरलेल्या जागी हजर झाली आणि आगगाडीने त्यांना नेण्यात आले. पेत्र नुसती नावे लिहितो, टीकाटिप्पणी करीत नाही. वाचणाऱ्याला मात्र दिसत जाते की वर्गातले बाक एकेक करून रिकामे होत आहेत. १९४२ च्या उन्हाळ्यात ज्यू मुलांची ही उरलेली शाळाही बंद करण्यात आली. पेत्र टाइपरायटर दुरुस्तीच्या कामाला लागला.

आई ख्रिस्ती असल्यामुळे पेत्र आणि एवा काही काळ वाचले होते. परंतु अशा मुलांनाही चौदा वर्षे पूर्ण होताच पाठवून द्यावे असा नियम होता. फेब्रुवारी १९४२ मध्ये पेत्रला चौदावे वर्ष पुरे झाले. ऑक्टोबरमध्ये त्याला चिठ्ठी आली. चौदा वर्षांचा मुलगा आईवडिलांना सोडून एकटा निघाला. त्याने सामानात कोरे कागद घेतले होते.

शाळा नसलेल्या गावातली शाळा

प्रागच्या उत्तरेस तेरेझीन नावाचे एक लहानसे तटबंदीचे गाव आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते फौजेसाठी बांधले गेले. नाझींनी तिथल्या मूळ रहिवाशांना बाहेर काढले आणि तिथे ज्यूंना कोंडले. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे तिथे आणली गेली. त्यांतली सुमारे ३३ हजार उपासमारीने व रोगराईने तिथेच मेली आणि ८० हजारांहून अधिक माणसांना पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांत पाठवण्यात आले. जून १९४४ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे पाहुणे येणार म्हणून त्या गावात रंगरंगोटी झाली, फुलझाडे लावली गेली. पाहुणे आले, पाहून गेले. त्यांनी पाहिलेला देखावा हा देखावाच होता.

ह्या गावात मुलांना शिकवण्यास बंदी होती. गाणी, खेळ, हस्तकला चालेल, पण रीतसर वर्ग नाही. का, ह्याचा विचार करा. ज्याला माणूस मानायचे नाही त्याला शिकू द्यायचे नाही, हा जुलमी सत्तांचा जुना शिरस्ता आहे. परंतु कैदेतल्या गुरुजींनी हा हुकूम मानला नाही. दाराशी एका मुलाला पहाऱ्याला उभे करायचे आणि आत गणित, भूगोल, इतिहास, भाषा शिकवायची. सैनिक येताना दिसला की वह्या गुप्त आणि गाणे सुरू!

पेत्रला ज्या इमारतीत ठेवले होते ती पूर्वी शाळाच होती. तिच्या एका खोलीत तीन मजली फळ्यांवर चाळीसएक मुले दाटीवाटीने राहत. त्यांचे शिक्षक वाल्तेर आयसिंगर हे तिशीच्या आतले तरुण होते. मुलांनी आपल्या खोलीचे एक लहानसे गणराज्य केले होते. त्याचे अध्यक्ष निवडले जात, नियम ठरत, कामे वाटून घेतली जात. ह्या गणराज्याचे मुखपत्र म्हणून डिसेंबर १९४२ मध्ये एक साप्ताहिक निघाले. त्याचे नाव ‘वेदेम’. चेक भाषेत ह्याचा अर्थ ‘आम्ही पुढे नेतो’. संपादक पेत्र गिन्झ.

आपल्या शाळांत ‘हस्तलिखित’ काढण्याची जी चांगली प्रथा आहे, तिच्याच जातीचे हे साप्ताहिक होते. छापखाना नाही, कागदाची वानवा, शाईची वानवा. अंकाची एकच प्रत. दर शुक्रवारी संध्याकाळी सारी मुले आपापल्या फळ्यांवर बसत आणि ज्याने जे लिहिले असेल तो ते मोठ्याने वाचून दाखवी. त्यात कविता असत, कथा असत, विनोद असत, फुटबॉलच्या सामन्यांची वर्णने असत, एकमेकांच्या खोड्या काढणारी शब्दचित्रे असत. भूक, घाण, मृत्यू ह्यांविषयीही मुले लिहीत, पण रडगाणे फारसे नसे.

पेत्रने एक लेखमाला चालवली होती. तिच्यासाठी तो तेरेझीनमध्ये हिंडे. बेकरीत जाऊन पाव कसा आणि किती तयार होतो ते विचारी. आग विझवणाऱ्या बंबाच्या ठाण्यावर जाई. बाळंतिणींच्या दवाखान्यात जाई. आणि मुडदे जाळण्याची भट्टी होती, तिथेही जाऊन तो तिथल्या कामगारांना त्यांच्या कामाची पद्धत विचारून आला. जन्मापासून मरणापर्यंत सारे गाव त्याने आपल्या मित्रांसाठी टिपून ठेवले. वार्ताहराचा धर्म ह्याहून मोठा काय असणार!

ह्याखेरीज तो आपल्या अभ्यासाचा हिशोबही ठेवी. महिनाभरात कोणती पुस्तके वाचली, कोणती चित्रे काढली, कोणता विषय कुठवर आला, ह्यांच्या याद्या त्याच्या कागदांत सापडल्या आहेत. विद्यार्थी मित्रांनो, ह्या मुलापुढे बोर्डाची परीक्षा नव्हती. नोकरी नव्हती, गुणपत्रिका नव्हती, उद्याचा दिवसही नक्की नव्हता. तरीही तो शिकत होता. मग तो कशासाठी शिकत होता? मला वाटते, आपण माणूस आहोत हे विसरायचे नाही म्हणून. इल्म ही केवळ पोट भरण्याची विद्या नव्हे असे आपले बुजुर्ग सांगत आले. त्याचा अर्थ पेत्रच्या त्या याद्या वाचताना जसा कळतो तसा पुष्कळ व्याख्याने ऐकूनही कळत नाही.

अखेर

एवालाही चौदा वर्षे पुरी झाल्यावर मे १९४४ मध्ये तीही तेरेझीनला आली. भावाबहिणीची भेट झाली, पण चारच महिने. २८ सप्टेंबर १९४४ रोजी आउश्वित्झला जाणाऱ्या गाडीत पेत्रचे नाव निघाले. एवाने धडपड करून निघण्याच्या वेळी त्याच्या हाती थोडा पाव दिला. तीच त्यांची शेवटची भेट. पेत्र परत आला नाही. आयसिंगर गुरुजीही परत आले नाहीत. ‘वेदेम’मध्ये भाग घेतलेल्या सुमारे शंभर मुलांपैकी पंधराच वाचली.

मग हे सारे आपल्याला कळले कसे? ह्या प्रश्नाच्या उत्तरासाठीच हा लेख लिहिण्याचा खटाटोप केला आहे.

झ्देन्येक तौसिग नावाचा एक मुलगा तेरेझीनमध्ये शेवटपर्यंत राहिला. त्याने ‘वेदेम’ची सुमारे ८०० पाने लोहारकामाच्या जागेत लपवून ठेवली आणि मे १९४५ मध्ये सुटका झाल्यावर ती प्रागला आणली. पुढे चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्ट राजवट आली आणि तिने ती छापू दिली नाहीत. तरी जिवंत राहिलेल्या मित्रांनी ती पाने जपली. अखेर १९९० नंतरच्या दशकात त्यांतील निवडक मजकुराचे पुस्तक निघाले.

रोजनिशीची गोष्ट तर ह्याहून विलक्षण आहे, आणि तिच्यात आपल्या देशाची एक लेक आहे. पेत्रने तेरेझीनमध्ये एक चित्र काढले होते. चंद्रावरील टोकदार डोंगर आणि त्यांच्यापलीकडे आकाशात लटकलेली आपली पृथ्वी. माणूस चंद्रावर पोहोचण्याच्या पंचवीसएक वर्षे आधी, तटबंदीच्या आत कोंडलेल्या मुलाने पृथ्वी दुरून कशी दिसेल ते काढले होते! जानेवारी २००३ मध्ये ‘कोलंबिया’ अवकाशयान झेपावले तेव्हा त्यातील इलान रामोन ह्या इस्रायली अंतराळवीराने त्या चित्राची प्रत बरोबर नेली होती. रामोन यांची आई आउश्वित्झमधून जिवंत परतलेली होती. त्याच यानात हरियाणातील कर्नालची आपली कल्पना चावला होती. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर ते यान कोसळले आणि सातही अंतराळवीर मरण पावले. आपल्याकडे त्या दिवशी कित्येक घरांत चूल पेटली नसेल. तो दिवस पेत्रचा पंच्याहत्तरावा जन्मदिवस होता.

वर्तमानपत्रांतून त्या चित्राची माहिती जगभर गेली. प्रागच्या एका माणसाकडे एका जुन्या घराच्या माळ्यावर सापडलेल्या काही वह्या आणि चित्रे पडून होती. ते चित्र पाहून त्याला त्यांचे साम्य जाणवले. त्या पेत्रच्याच वह्या होत्या! बहीण एवा तोवर इस्रायलमध्ये चित्रकार म्हणून स्थिरावली होती. साठ वर्षांनी तिने भावाचे अक्षर पुन्हा पाहिले आणि ती रोजनिशी प्रसिद्ध केली. आता पुष्कळ भाषांतले लोक ती वाचतात.

आपल्याला काय त्याचे?

आपल्यापैकी काहींच्या मनात एक प्रश्न आला असेल, आणि तो दडवून ठेवण्यात अर्थ नाही. पॅलेस्टाईनमध्ये काय चालले आहे ते आपण पाहतो. ऑक्टोबर २०२३ नंतर गाझामध्ये हजारो मुले मारली गेली. मग एका ज्यू मुलाचे स्मरण आपण का करावे?

उत्तर सरळ आहे. पेत्र १९४४ मध्ये मारला गेला. इस्रायलचे राज्य १९४८ मध्ये स्थापन झाले. त्या राज्याच्या कोणत्याही कृत्याचा जाब पेत्रला विचारता येत नाही. आणि जी दुःखे गाझातील मुलांच्या नावाने आपल्या काळजाला भिडतात, तीच पेत्रच्या नावाने भिडली नाहीत, तर आपले दुःख मुलांसाठी नसून गटासाठी आहे असे म्हणावे लागेल. एका निरपराधाचा जीव घेणे म्हणजे साऱ्या मानवजातीचा जीव घेणे, ही शिकवण आपल्या दीनमध्ये आहे. तिच्यात धर्माची अट नाही. नाझींनी सुमारे ६० लाख ज्यू मारले, त्यांत सुमारे १५ लाख मुले होती. हे नाकारणारे किंवा हलके करून सांगणारे कोणी भेटले तर त्यांना पेत्रची वही दाखवावी.

आपल्या वाडवडिलांनी ही शिकवण पाळलेली आहे, हेही मुलांना कळावे. अल्बेनिया ह्या मुस्लिमबहुल देशात खेड्यापाड्यांतील कुटुंबांनी ज्यूंना घरात लपवले. महायुद्ध संपले तेव्हा तिथली ज्यूंची संख्या युद्धापूर्वीपेक्षा वाढलेली होती. आपल्या देशात जामिया मिल्लिया इस्लामियाने गेर्डा फिलिप्सबोर्न ह्या जर्मन ज्यू बाईंना आपले मानले. बर्लिनमध्ये शिकत असताना डॉ. झाकिर हुसेन यांची व त्यांची ओळख झाली होती. हिटलरच्या उदयाच्या सुमारास त्या जामियात आल्या आणि लहान मुलांच्या शिक्षणाला त्यांनी वाहून घेतले. मुले त्यांना ‘आपाजान’ म्हणत. १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा जामियाच्या कबरस्तानातच त्यांना जागा देण्यात आली. त्याच काळात त्यांच्या मायदेशात ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेले जात होते. डॉ. झाकिर हुसेन यांचा जन्म हैदराबादचा, म्हणजे आपला बीड जिल्हा ज्या संस्थानात होता त्याच संस्थानाचा, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. आणि आपल्या कोकणातले बेने इस्राएल तर घरात मराठी बोलणारे. तेलाच्या घाण्याचा धंदा करीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. शतकानुशतके ते इथे राहिले, पण त्यांच्या छातीवर कोणी तारा शिवायला लावला नाही.

आपली वही कुठे आहे?

शेवटी एक गोष्ट घरची. दोन गोष्टींची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. प्रत्येक दुःखाचे माप वेगळे असते आणि हिशोबही वेगळा असतो. परंतु पेत्रची वही वाचताना मला आपला मराठवाडा आठवल्याखेरीज राहिला नाही.

१९४७-४८ मध्ये रझाकारांनी गावोगावी हिंदू बांधवांवर जुलूम केले. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाले, संस्थान भारतात सामील झाले, आणि त्या दिवसांत व नंतरच्या काही आठवड्यांत ज्यांचा रझाकारांशी काडीमात्र संबंध नव्हता अशा गरीब मुसलमान कुटुंबांवरही संकट कोसळले. पंडित नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने नोंदवले आहे की तेव्हाचे औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक ह्या चार जिल्ह्यांत मिळून किमान ५ हजार माणसांचे प्राण गेले. त्याच अहवालात असेही आहे, की कित्येक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही.

त्या दिवसांत आपल्या गावांतही तेरा-चौदा वर्षांची मुले होती. हिंदू होती, मुसलमान होती. त्यांनी रझाकार पाहिले, पळापळ पाहिली, कोणी दार लावले आणि कोणी उघडले तेही पाहिले. परंतु त्यांच्यापैकी एकाचीही वही माझ्या पाहण्यात आलेली नाही. थोरांनी मुलांना गप्प बसवले, मुले मोठी झाली, त्यांनी आपल्या मुलांना गप्प बसवले. लिहिलेले नसले की त्या जागी अफवा येऊन बसते, आणि अफवेतून नवे वैर तयार होते. लिहिलेल्या पानावर शेजाऱ्याचा जुलूमही असतो आणि शेजाऱ्याचा उपकारही असतो. अफवेत उपकाराला जागा नसते.

म्हणून विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, माझी तुम्हांला एक विनंती आहे. तुमच्या घरात किंवा गल्लीत ऐंशीच्या पुढचे कोणी दादा, नाना, दादीजान असतील तर ह्या सुट्टीत त्यांच्यापाशी बसा. वाद घालू नका, नुसते विचारा आणि ते सांगतील तसे, तारखेसह, गावाच्या नावासह लिहून घ्या. शेजारच्या हिंदू घरातल्या आजोबांनाही विचारा. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, जशी येईल तशी भाषा लिहा. आणि स्वतःचीही एक वही ठेवा. आपल्या जिल्ह्यातील सर्वच समाजांतील कितीतरी मुले दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि त्यांचे बाक अर्धे वर्ष रिकामे राहतात. तुमच्या वर्गातला कोण गेला, कधी गेला, परत आला की नाही, एवढे जरी लिहिलेत तरी तो उद्याचा इतिहास आहे. पेत्रने ह्याहून वेगळे काय लिहिले होते?

पालकहो, आपणांस एवढेच सांगणे आहे. मुलगा किंवा मुलगी वहीत काहीबाही लिहीत बसली तर ‘अभ्यास सोडून हे काय चालले आहे’ असे म्हणून वही हिसकावू नका. घर बदलताना, रद्दी काढताना मुलांच्या वह्या एकदा चाळून पाहा. प्रागच्या त्या घरातील माळा कोणी झाडून काढला असता, तर पेत्रचे बालपण कायमचे पुसले गेले असते. विशेषतः मुलींना शाळेतून लवकर काढू नका. एवा जगली आणि लिहिती-वाचती होती, म्हणूनच भावाची वही जगापुढे आली.

आपल्या दीनची सुरुवातच वाचण्याच्या हुकुमाने झाली आणि त्या पहिल्या आयतींतच कलमाचा उल्लेख आहे. ज्या समाजाला हा वारसा मिळाला, त्याच्या मुलांच्या हाती वही आणि लेखणी सदैव राहो. आणि जगातल्या कोणत्याही मुलाला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, आपल्या वर्गातील रिकाम्या बाकांची यादी लिहिण्याची पाळी न येवो, हीच अल्लाहतआलाच्या दरबारी प्रार्थना.